डब्यातली मराठी चिठ्ठी

शाल्मली दोनशे मीटर सदतीस सेकंदांत धावते. माझी राणी अडतीस, कधी साडेअडतीस. हे आकडे मला शाळेनं दिलेले नाहीत. रेल्वेच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर स्कूटी लावून, ओढणीच्या आत मोबाइल धरून मी ते स्वतः मोजलेत. शाळा सुटायला अजून वीस मिनिटं असताना तुम्ही इथं काय करताय, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे.

दोघी पाचवीत. शाळा तारनाक्याच्या आतल्या गल्लीत, बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात. एका वर्गाची एकच तुकडी, सगळी मिळून दोनशे ऐंशी मुलं. स्वतःचं मैदान नाही, म्हणून खेळाच्या तासाला मुलं रांगेनं मागच्या रेल्वेच्या मैदानावर जातात. मुख्याध्यापिका सुगुणा मॅडम ओंगोलकडच्या, तेलुगू. केस पांढरे, साडी कडक इस्त्रीची, आणि दोनशे ऐंशीच्या दोनशे ऐंशी नावं तोंडपाठ. राणीला पहिलीत घातलं तेव्हा माझे वडील, भगवंतराव, काचीगुड्याहून मुद्दाम सोबत आले होते. त्यांनी मॅडमना सरळ तोंडावर विचारलं, "आमच्या पोरीला पाण्यात बुडवून किरिस्ताव तर नाही ना करणार?"

मी लाजेनं अर्धी झाले. मॅडम मात्र हसल्या. आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या आणि स्टेजच्या फळ्या उचलून खालचा बाप्तिस्म्याचा हौद दाखवला. कोरडा होता, आत एक झाडू पडलेला. "आमच्या स्वतःच्या मुलांनाही आम्ही लहानपणी यात उतरवत नाही," त्या म्हणाल्या. "मोठं व्हायचं, स्वतःला कळायचं, स्वतः मागायचं. देवाकडं आपल्या वतीनं दुसरं कुणी जात नाही, आईबापसुद्धा."

वडिलांना पटलं. परत येताना रिक्षात म्हणाले, "बाई चांगली हाय." मला मॅडमच्या त्या बोलण्यात तेव्हा विशेष काही वाटलं नव्हतं.

तिसरीपर्यंत राणी पहिली येत होती. चौथीत पुण्याहून शाल्मली आली.

तिचे वडील, पुष्कर, माधापूरला कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहेत. रोज एवढ्या लांब जायचं तर राहायला तारनाका कशाला, तर म्हणे त्यांच्या बायकोला, मृण्मयीला, विद्यापीठाची झाडं आवडतात. मी या झाडांमधून बी.एस्सी.ला तीन वर्षं गेले, त्यातही विषय वनस्पतिशास्त्र, तरी झाडांसाठी घर घ्यायचं हे मला सुचलं नव्हतं. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो कारण शिवराज, माझा नवरा, रेल्वेत आहे. झाडं आमच्याकडेही आहेत. एक कडुनिंब.

मृण्मयी वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं. पहिल्याच भेटीत तिनं माझा हात धरला. "अय्या, तुम्ही मराठी! किती गोड बोलतेस गं तू. ते 'हौ' म्हणतेस ना, मला फार आवडलं." त्या दिवसापासून मी तिच्यासमोर एकदाही हौ म्हटलेलं नाही. 'हो' म्हणते, आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्याचं उसनं आणल्यासारखं वाटतं. तिचे कपडे सुती, सुरकुतलेले, आणि तरी चांगले दिसतात. माझे इस्त्री केलेले असतात. आणि तिचं ते एक वाक्य, फाटकाशी उभी राहून, केसांत पेन खोचत म्हणते ते: "मी तर शाल्मलीला काही सांगतच नाही बाई. तिचं तीच करते."

काही सांगत नाही. आणि पोर पहिली येते.

मी मात्र सगळं सांगते. या शाळेत पाचवी संपताना एका मुलाला किंवा मुलीला ऑल-राउंडर कप मिळतो. अभ्यासाचे गुण, बायबलच्या वचनांच्या पाठांतराचे गुण आणि वार्षिक खेळांतली दोनशे मीटरची शर्यत, असं मिळून. कप एवढासा, चहाच्या पेल्याएवढा. पण ऑफिसबाहेर एक लाकडी फळा आहे, त्यावर पांढऱ्या रंगानं नाव लिहितात आणि ते नाव कुणी पुसत नाही. एकोणीसशे एकाहत्तरपासूनची नावं आहेत. मी ती इतक्या वेळा वाचली आहेत की मलाच पाठ झालीत.

वचनं तर मला राणीपेक्षा जास्त येतात. देवघराशेजारीच आमचं किचन, तिथं पोळ्या लाटता लाटता मी तिच्याकडून म्हणून घेते. माझे सासरे केशवराव एकदा गावाहून आले होते. ते बाहेर जप करत बसलेले, आत राणी इंग्रजीतून येशूची वचनं घडाघड म्हणतेय, मी मध्ये मध्ये "चुकलं, परत" करतेय. मत्सराबद्दलचं एक वचन आहे. राणीला ते सगळ्यांत पक्कं येतं, कारण त्यात ती दर वेळी अडखळायची आणि मी चार वेळा तिच्यावर ओरडले होते: "शाल्मलीचं एव्हाना पाठ झालं असेल!"

अभ्यासात शाल्मली दोन गुणांनी पुढे. वचनांत राणी दोन गुणांनी पुढे. म्हणजे सगळं शनिवारच्या शर्यतीवर आलं.

"तू धावणार हैस का?" शिवराजनं विचारलं. मी भाजीत मीठ दोनदा टाकलं होतं.

"गप बसा तुम्ही."

"नाही, तयारी तर तुझीच दिसायली. कायको इतकी परेशान होतीस? पोर दुसरी आली तर काय रेल्वे बंद पडते?"

त्याला काय कळणार? तो भावांत तिसरा, सगळी उमर तिसराच राहिला, आणि मजेत आहे.

पंधरा दिवसांपूर्वी शाल्मलीच्या पायात नवे बूट दिसले. निळे, मागे पिवळी पट्टी. सरावाच्या वेळी तिनं ते कुंपणाशी काढून ठेवले होते आणि पाणी प्यायला गेली होती. मी इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि जिभेच्या आतला नंबर वाचला. दुसऱ्या दिवशी राणी शाळेत असताना आबिड्सला गेले. तीन दुकानं फिरले, तेच बूट, तीच पट्टी, तोच नंबर आणला. दोघी एकाच उंचीच्या आहेत, वजनही जवळजवळ सारखं. दुकानदार म्हणाला, "बच्ची को साथ लाते तो अच्छा था अम्मा." मी म्हटलं, मला माहीत आहे.

राणीनं घातले. "कसे आहेत?" मी विचारलं, आणि ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "छान आहेत ना, अगदी शाल्मलीसारखे."

"हौ," राणी म्हणाली.

*

मंगळवारी सकाळी सुगुणा मॅडमचा फोन आला. "त्रिवेणी गारू, पाच मिनिटं येता का? काळजीचं काही नाही."

सगळ्यांच्याच नावापुढं त्या मानाचं 'गारू' लावतात. काळजीचं काही नाही म्हटलं की मला घाम फुटतो. शाळेत पोचेपर्यंत माझे मनात सगळे अपघात करून झाले होते. राणी पडली, राणीचा पाय मुरगळला, राणीचे वचनांचे गुण मोजताना चूक झाली.

मॅडमच्या टेबलावर प्रार्थनेचा डबा होता. हा डबा म्हणजे जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तपकिरी कागद चिकटवलेला, झाकणाला फट. जिन्याखाली टांगलेला असतो. कुणाला देवाकडे काही मागायचं असेल तर चिठ्ठी लिहून टाकायची, नाव घालायचं नाही. दर बुधवारी हॉलमध्ये चॅपल, म्हणजे शाळेची प्रार्थना असते, तेव्हा मॅडम चिठ्ठ्या वाचतात आणि सगळी शाळा डोळे मिटून त्यासाठी प्रार्थना करते. आजीचं ऑपरेशन, वडिलांची बदली, हरवलेलं मांजर. एकदा कुणीतरी गणिताचे सर बदलून मागितले होते. मॅडमनी तेही वाचलं होतं, सर समोर बसलेले असताना.

"या चिठ्ठ्या मी सोडून कुणी बघत नाही," मॅडम म्हणाल्या. "स्टाफलाही दाखवत नाही. पण ही मला वाचता येईना. हिंदी अक्षरं वाटली. मला हिंदी बोलता येतं, वाचता जेमतेम. शेवटचे दोन शब्द लावून पाहिले तर हिंदी नाही. मग वाटलं, तुमची भाषा असेल. कुणी लिहिलं ते मला सांगू नका. अक्षर ओळखीचं वाटलं तरी नका सांगू. काय मागितलंय तेवढंच सांगा. एका मुलाची प्रार्थना वाचल्याविना राहायला नको."

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली आणि लिहून घ्यायला पेन उघडलं.

अक्षर ओळखायचा प्रश्नच नव्हता. ते मीच शिकवलेलं अक्षर होतं. गेल्या उन्हाळ्यात मृण्मयी बोलता बोलता म्हणाली होती, "शाल्मलीला बोलता येतं छान, पण वाचता येत नाही गं, काय करणार." त्याच संध्याकाळी मी काचीगुड्याला जाऊन वडिलांकडून अंकलिपी आणली आणि महिनाभर दुपारच्या झोपेच्या वेळी राणीला बाराखडी लिहायला बसवलं. एक गोष्ट तरी अशी पाहिजे होती ना, जी हिला येते आणि तिला येत नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं:

'येशूबाप्पा, शाल्मलीला शनिवारपर्यंत ताप येऊ दे. जास्त नको. थोडा. मला कप मिळाला की आई शाळा सुटल्यावर शाल्मलीचं विचारणार नाही. माझं विचारेल. मग ताप परत घेऊन जा. हे मराठीत लिहिलं कारण मॅडमला कळू नये.'

मी ते एकदा वाचलं. मग परत वाचलं. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता, मी त्यावर बोट दाबून धरलं.

खरं होतं ते. राणी फाटकातून बाहेर येते, पाठीवर दप्तर, वेणी सुटलेली, आणि मी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेता घेता विचारते: शाल्मलीला किती मिळाले? शाल्मलीनं किती वचनं म्हटली? शाल्मली आज धावली का? मला वाटायचं, मी राणीचंच विचारतेय.

"त्रिवेणी गारू?"

"शाल्मलीला…" माझ्या तोंडून निघून गेलं.

"शाल्मली? आपली पाचवीची शाल्मली?" मॅडमनी नाव लिहूनसुद्धा घेतलं.

आता पुढं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी मॅडमच्या पेनच्या टोकाकडं पाहत राहिले. खरं सांगितलं तर? मराठी लिहिणारी मुलगी या शाळेत एकच, आज ना उद्या मॅडमना कळणारच. आणि लाज वाटते पण लिहिते, एक क्षणभर असंही मनात आलं की चिठ्ठी शाल्मलीच्या नावावर घालता येईल. 'शाल्मलीला कप मिळू दे, म्हणून राणीला ताप येऊ दे' असं वाचायचं. नावं उलटी करायची, बस. कुणाला कळणार होतं? तोंडून निघालं ते हे:

"शाल्मलीला शनिवारी ताप येऊ देऊ नको. तिला चांगलं धावता येऊ दे. एवढंच आहे."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला. "शर्यत दोन मुलींची आहे, मला माहीत आहे," त्या हळू म्हणाल्या. "आणि त्या वर्गातलं एक मूल असं मागतं. मी बत्तीस वर्षं हा डबा उघडतेय, अम्मा. अशी चिठ्ठी तीनदा आली असेल." त्यांनी डोळे टिपले. मी चिठ्ठीची घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा.

बाहेर फळ्यापाशी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले. उद्या दोनशे ऐंशी मुलं डोळे मिटून देवाला सांगणार, शाल्मलीला चांगलं धावता येऊ दे. एवढं तर तिच्या आईनंही कधी तिच्यासाठी केलं नसेल. ती काही सांगतच नाही ना.

*

खेळांच्या आठवड्यात बुधवारच्या चॅपलला पाचवीच्या आयांना बसू देतात. आम्ही मागच्या बाकावर होतो. मृण्मयी माझ्या शेजारी. मुलांनी गाणं म्हटलं, हॉलमध्ये आवाज असा भरला की खालचा कोरडा हौदसुद्धा घुमल्यासारखा वाटला. मग मॅडमनी चिठ्ठ्या वाचल्या. कुणाच्या काकाची नोकरी. कुणाचा कुत्रा. आणि शेवटी, थोडं थांबून, माझं खोटं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. शाल्मलीनं लाल होऊन मान खाली घातली. तिसऱ्या रांगेत राणी ताठ बसली होती. तिची वेणी हलली, आणि मग ती पूर्ण मागं वळली. सगळी मुलं डोळे मिटत असताना ती उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती.

मी डोळे मिटून घेतले.

मृण्मयीनं माझा हात दाबला. "राणीच गं," ती कानाशी म्हणाली, "दुसरं कोण असणार? तिचंच मन एवढं." तिचा आवाज जरा बदलला. "माझ्या शाल्मलीला असं कधी सुचणार नाही. खरंच सांगते. तू काय करतेस गं, कसं शिकवतेस?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी रोज आरशात पाहते ते होतं. दीड वर्ष मी याची वाट पाहत होते. एकदा तरी या बाईला माझ्या घरातलं काही हवंसं वाटावं. आज वाटलं, तर ते माझ्या घरात नव्हतंच. मी म्हटलं, "काही नाही. तिचं तीच करते," आणि माझ्याच तोंडून तिचं वाक्य ऐकून मला कसंसंच झालं.

दुपारी राणी स्कूटीवर मागं बसली. घरी येऊन हातपाय धुतले, ताटावर बसली, आणि वरणभात कालवत म्हणाली, "तू खोटं वाचलंस."

"हौ."

"मला वाटलं मराठी फक्त देवाला येतं आणि तुला. मॅडम तुला विचारतील हे मला माहीत नव्हतं."

"राणी, अगं असं कुणाचं वाईट…" मी सुरू केलं, पण पुढचं वाक्य मला सापडेना. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

"आता तो कुणाचं ऐकणार?" राणीनं विचारलं. "मी आधी सांगितलंय. पण तुझ्या बाजूनं सगळी शाळा म्हणाली." ती खरोखर हिशोब लावत होती. "आणि माझंच ऐकलं तर? तिला खरंच ताप आला तर?"

"नाही येत. असं मागून कुणाला ताप येत नाही."

"मग कप मागून कसा येईल?"

ताटातलं तसंच ठेवून ती उठली.

गुरुवारी शाल्मली शाळेत आली नाही.

हे मला शाळा सुटल्यावर कळलं. राणी फाटकातून बाहेर आली ती पांढरीफटक. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "ती आली नाही. बाक रिकामं होतं." आणि मला कबूल केलंच पाहिजे: पहिल्यांदा, एका श्वासापुरतं, माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं. शनिवार परवावर होता. मग मी राणीचा हात धरला. तो थंड होता, आणि तिचे दातांवर दात आपटत होते, एवढ्या उन्हात.

"मी केलं ना आई? मी थोडाच मागितला होता."

मी तिथंच, स्कूटीला टेकून, मृण्मयीला फोन लावला. स्पीकरवर टाकला, राणीला ऐकू जावं म्हणून. चार वेळा रिंग झाली.

"अगं हो, बोल ना," मृण्मयी म्हणाली. "नाही गं, ताप कसला. दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो, तार घट्ट करायची होती. आत्ता आइस्क्रीम मागतेय बघ, दाताच्या डॉक्टरकडून आल्याआल्या! का गं, राणी विचारत होती का? किती गुणी आहे बाई ती."

राणी मटकन फुटपाथवर बसली आणि रडायला लागली. इतकी रडली की फाटकाजवळच्या पेरूवाल्यानं एक फोड मीठ लावून तिच्या हातात दिली.

"मला दुसरी चिठ्ठी टाकायचीय," ती नाक पुसत म्हणाली. "आत्ता."

शाळेचं फाटक अजून उघडं होतं. ती धावत आत गेली, जिन्याखाली बसून वहीच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि डब्यात टाकलं. मी लांबूनच पाहत होते. या वेळी इंग्रजीत लिहीत होती, एवढं हाताच्या वेगावरून कळलं.

"काय लिहिलंस?"

"ते माझं आणि त्याचं आहे," राणी म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला येशूबाप्पाचा हेवा वाटला.

*

शनिवारी मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. शिवराजला ड्यूटी होती, जाताना राणीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "पड नक्को, बस." मी ठरवून आले होते. मोबाइल पर्समध्ये, पर्सची चेन लावलेली. आज मी मोजणार नाही. आज मी फक्त राणीकडे बघणार.

सुगुणा मॅडमनी प्रार्थना सांगितली, खेळाच्या जोएल सरांनी शिट्टी तोंडात धरली. पाच मुली. राणी दुसऱ्या पट्ट्यात, शाल्मली चौथ्यात. दोघींच्या पायांत तेच निळे बूट, मागं तीच पिवळी पट्टी. मी आणि मृण्मयी दोरीच्या मागं, शेवटच्या रेषेजवळ. मृण्मयी नखं खात होती. काही न सांगणारी बाई नखं खात होती, हे मी टिपलंच.

शिट्टी वाजली.

राणी छान सुटली. वळणावर ती पुढं होती, खरंच पुढं, दोन पावलं असतील. मृण्मयी ओरडत होती, "शाल्मली! शाल्मली, हात! हात हलव!" आणि शाल्मलीनं हात हलवले, आणि ते निळे बूट असे काही पडायला लागले, लांब, लांब, की मला वाटलं, आता हिचा सदतीसचाही छत्तीस होणार. किती अंतर राहिलं? दीड पाऊल. एक. तिचा उजवा पाय जरा आत पडतो, ते मला आधीच माहीत होतं, तरी ती…

मी नजर वळवली तेव्हा राणी माझ्याकडे पाहत होती.

धावता धावता. शेवटच्या वीस मीटरांत मान वळवून. तिनं पाहिलं की मी कुणाकडे पाहतेय. मग तिनं मान सरळ केली, पण तेवढ्यात शाल्मली पुढं निघून गेली होती. फार नाही, एका हाताचं अंतर.

मृण्मयी दोरीखालून वाकून आत पळाली. टाळ्या वाजत होत्या. फळ्यावर काय लिहिलं जाईल ते मला दिसत होतं, अक्षरांच्या वळणासकट. डोळे चुरचुरायला लागले आणि मी मनाशी म्हटलं, आता नाही. आता रडलीस तर तिची पहिली चिठ्ठीच खरी ठरेल.

राणी माझ्याकडे येत होती. धावत नव्हती, चालतही नव्हती नीट. टाचा उचलून, पंजांवर, तव्यावरून चालल्यासारखी येत होती. जवळ येऊन तिनं आधी माझे डोळे पाहिले. ओले आहेत का ते तपासलं.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. सवयीचं. शाल्मलीनं शेवटी कसं काय… मी ओठ घट्ट मिटले आणि ते गिळलं. मग मला कळेना की दुसरं काय विचारतात. पाच वर्षं रोज फाटकाशी उभी राहून मी ते विसरून गेले होते. मी खाली बसले आणि समोर जे होतं ते पाहिलं.

"पाय दुखतात का?"

मी नाडी सोडली. बूट निघेना. ओढला तसा तिनं ओठ चावला. मोज्याची टाच लाल झालेली, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बूट एका नंबरानं लहान होते. शाल्मलीचा पाय लहान आहे. मी शाल्मलीच्या पायाचे बूट आणले होते.

"कधीपासून चावतात गं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," राणी म्हणाली. त्यात राग नव्हता. वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

मी दुसरा बूट काढला. अनवाणी पाय मातीवर ठेवल्यावर तिनं बोटं ताणून पाहिली, एकेक. तिकडे शाल्मलीच्या हातात तो चहाच्या पेल्याएवढा कप होता, मॅडम तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होत्या, आणि मृण्मयीनं लांबूनच मला हात केला, ये ना, फोटोला. मी मान हलवून नंतर येते म्हटलं. पोटात ते जळत होतंच. ते काय एका दिवसात विझतं?

"उद्या आबिड्सला जाऊ," मी म्हटलं. "तू चल सोबत. तुझ्या पायानं घालून बघ."

"निळे नको."

"नको."

"चप्पलच घेऊ," राणी म्हणाली. "मला तसं धावायला अनवाणीच आवडतं. जोएल सरांना माहीत आहे. अनवाणी मी साडेछत्तीसमध्ये धावते, त्यांनी मोजलंय."

"कधी?"

"सकाळी. परिपाठाच्या आधी. तू नसतेस तेव्हा."

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायाच्या टाचेवर फुंकर मारायला. मग, कुणी न विचारता, बोलायलाच लागली. जोएल सर शिट्टी विसरतात आणि तोंडानंच वाजवतात, वळणावर एक खड्डा आहे तो फक्त तिला माहीत आहे, सकाळी मैदानावर मोर येतो. मी मातीत बसून ऐकत होते. तिचं बोलणं नवीन होतं, सगळं नवीन. माझे मेले कान मात्र त्यातही मधूनच एक नाव शोधत होते, आणि ते नाव तिनं एकदाही घेतलं नाही.